टोयोटाची वाट बघता बघता वाळूजची रिकामी जागा तरी कॉलेजला कळवूया

आमच्या एमबीएच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 2009 ची बॅच, साठातले पन्नासेक जण अजून त्यात आहेत आणि एरवी वाढदिवस, सणवार सोडून तिथे फारसं काही येत नाही. मागे एकदा दुपारी एकाने टाकलं की आमच्याकडे पर्चेसला एक जागा आहे, फ्रेशर चालेल, एक्सेल नीट यायला हवं, कोणी असेल तर सांगा. संध्याकाळपर्यंत जागा भरली. कोणाचा तरी मेव्हणा होता. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याच आठवड्यात मी छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या जुन्या कॉलेजात गेस्ट लेक्चरला गेले होते आणि शेवटच्या सेमिस्टरची पोरं मला विचारत होती की मॅडम, इथे एमबीएला जॉबच नाहीत ना, पुण्यालाच जावं लागणार ना. ती कंपनी कॉलेजपासून पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं आणि तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

छत्रपती संभाजीनगरात एमबीएच्या नोकऱ्या नाहीत हे अर्धंच खरं आहे. ज्या आहेत त्या पोरांना दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत याला मंत्री किंवा कुलगुरू जबाबदार असण्याआधी आम्ही जबाबदार आहोत, म्हणजे इथेच शिकून इथल्याच कंपन्यांत बसलेले माजी विद्यार्थी. हे मला मनापासून वाटतं.

आधी मोठ्या बातम्यांचं बघू. ऑरिक, म्हणजे शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10 हजार एकरांची औद्योगिक नगरी, दिल्ली-मुंबई कॉरिडॉरमधली. 2024 च्या जूनमध्ये एथरने बिडकीनला इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना टाकायचं जाहीर केलं, गुंतवणूक 2 हजार कोटींच्या वर. लगेच पुढच्या महिन्यात टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, सुमारे 20 हजार कोटींचा. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण 701 किलोमीटर सुरू झाला. त्या दिवसांत आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा बिडकीनच्या जमिनीचे भाव आणि टोयोटात कुणाला लावता येईल हेच चालू होतं आणि लोकांचा आनंद खरा होता, मलाही झाला होता. मराठवाड्यातल्या माणसाने पोरगं शिकवलं की ते पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून द्यायचं हेच आपण कित्येक वर्षं बघत आलोय.

पण एमबीए करणाऱ्याने ह्या बातम्या थोड्या वेगळ्या वाचायला हव्यात. मोठा वाहन कारखाना येतो तेव्हा आधी आणि जास्त करून जागा निघतात त्या आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंगवाल्यांना, आणि त्यातही बऱ्याच ठेकेदारामार्फत. मार्केटिंग, ब्रँड, डीलर नेटवर्क, ट्रेझरी, मोठ्या खरेदीचे निर्णय, हे सगळं कंपनीचं हेड ऑफिस जिथे असतं तिथे बसतं. बजाजचा कारखाना शहराजवळच्या वाळूजला 1985 पासून आहे पण मुख्यालय पुण्याजवळ आकुर्डीला. टोयोटा किर्लोस्करचं बंगळुरूजवळ बिडदीला, एथरचंही बंगळुरूलाच. म्हणजे बिडकीनला टोयोटाचा बोर्ड लागला म्हणून आपल्या मार्केटिंगच्या एमबीएला तिथे टेबल मिळेलच असं नाही, आणि हे पोरांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण कॉलेजच्या जाहिरातीत सध्या तेच स्वप्न विकलं जातंय.

मग एमबीएच्या नोकऱ्या येतात कुठून? त्या येतात कारखान्याच्या भोवती जे कडं तयार होतं त्यातून. वाळूजचंच बघा ना. बजाज आली, तिच्या मागे पार्ट पुरवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यातल्या एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक आज देशाबाहेर व्यवसाय करतात, शेअर बाजारात आहेत, आणि दोघींचं नोंदणीकृत कार्यालय अजून वाळूज एमआयडीसीत आहे. इथे मोठी झालेली कंपनी फायनान्स, सेक्रेटेरियल, एचआर, कॉर्पोरेट पर्चेस, एक्स्पोर्ट अशा खुर्च्या इथे ठेवते, सगळ्या नाही पण बऱ्याच. आणि त्यांच्या खालच्या थरात ज्या शेकडो छोट्या कंपन्या आहेत, प्रेस पार्टवाल्या, मोल्डिंगवाल्या, रबरवाल्या, पॅकेजिंगवाल्या, तिथे आजही मालक स्वतः कोटेशन बनवतो, मालकाचा भाऊ बँकेत जातो आणि मालकाची वहिनी पगारपत्रक बघते. त्यांचा धंदा 10 कोटींवरून 40 कोटींवर गेला की त्यांना माणसं लागतातच. मी स्वतः अशाच एका कंपनीत व्हेंडर डेव्हलपमेंट आणि कॉस्टिंग, म्हणजे पुरवठादार तयार करणं आणि पार्टची किंमत काढणं, बघते, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाहीये.

ह्यात धोका नाही असं नाही. पैठण रोडवर बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागतं, तिथे व्हिडिओकॉन होती. आपल्याच भागातून वाढलेली, घराघरात टीव्ही पोचवलेली कंपनी, 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि कितीतरी घरं एकदम उघडी पडली. आमच्या गल्लीतले एक काका तिथे स्टोअरला होते, पन्नाशी उलटल्यावर त्यांना परत बायोडाटा लिहावा लागला आणि तो मी त्यांना टाइप करून दिला होता. एकाच कंपनीवर, एकाच धंद्यावर गाव उभं राहिलं की काय होतं ते आम्ही बघितलंय. म्हणून मी पोरांना फक्त गाड्यांकडे बघू नका म्हणते, जालन्याकडेही बघा. महिको 1964 साली जालन्यात सुरू झाली, तिच्या मागे तिथे बियाण्यांचा अख्खा धंदा उभा राहिला, शिवाय सळईचे कारखाने आहेत. बियाणं विकणं हे वर्गात शिकवतात त्या मार्केटिंगपेक्षा फार वेगळं काम आहे, मृगाच्या आधी माल दुकानात पोचला पाहिजे, कोणत्या तालुक्यात कापूस कमी होऊन सोयाबीन वाढलंय ते माहीत पाहिजे, न खपलेला माल परत आला की त्याचा हिशोब लागला पाहिजे, कृषी सेवा केंद्रवाल्याशी उधारीचं बोलता आलं पाहिजे. हे घनसावंगीच्या किंवा गेवराईच्या शेतकऱ्याच्या पोराला जितकं जमेल तितकं महागड्या कॉलेजातून आलेल्याला पहिल्या दिवशी जमणार नाही. हा आपल्या पोरांचा खरा फायदा आहे आणि इंटरव्ह्यूमध्ये तीच पोरं वडील शेती करतात हे सांगताना मान खाली घालतात.

आता कॉलेजकडे येते. दोन वर्षांच्या एमबीएमध्ये पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात प्रोजेक्ट करायचा असतो, साधारण दीड-दोन महिने कंपनीत जाऊन. माझ्या मते अख्ख्या कोर्समधली नोकरीच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे आणि तिचंच सगळ्यात जास्त मातेरं झालंय. ओळखीच्या कंपनीचं लेटरहेड आणायचं, झेरॉक्सवाल्याकडून जुना रिपोर्ट घ्यायचा, नाव बदलायचं, "ग्राहक समाधानाचा अभ्यास" म्हणून बाइंडिंग करून जमा करायचा. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे सही मागायला एक मुलगा आला, त्याच्या रिपोर्टमध्ये आमच्या कंपनीच्या नावाखाली दुसऱ्याच कुठल्या तरी साबणाच्या कंपनीचे आकडे होते. मी सही दिली नाही, पण त्याला दीड महिना येऊन बस असंही मी म्हटलं नाही, घाई होती, ऑडिट चालू होतं, आणि ते मला आजही टोचतं.

खरं तर कामं कितीतरी पडलेली असतात. एक सांगते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे हा नियम 2006 च्या कायद्यातच आहे, पण आयकर कायद्यात 43बी(एच) कलम आलं आणि मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही असं झालं, 2023-24 या आर्थिक वर्षापासून. 2024 च्या मार्चमध्ये आमच्या अकाउंट्समध्ये अक्षरशः धावपळ होती, कोणता व्हेंडर उद्यम नोंदणीवाला (म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंदलेला), त्यातला सूक्ष्म कोण लघु कोण मध्यम कोण, ट्रेडर कोण, कोणाशी लेखी करार आहे आणि कोणाशी नाही, कारण करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. दोन फायनान्सचे विद्यार्थी दीड महिना बसले असते तर ते काम सुरळीत झालं असतं आणि ती पोरं वर्किंग कॅपिटल, म्हणजे खेळतं भांडवल, काय असतं ते आयुष्यात विसरली नसती. एचआरचं बघा, 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या, वेतनाची व्याख्या बदलली, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणजे पीएफ, ग्रॅच्युइटी सगळ्याचं गणित परत मांडायचं. छोट्या कंपनीत हे कोण करणार? आणि वर्गात मात्र प्रेरणेचे सिद्धांत पाठ करून घेणं चालू आहे. सिद्धांत नकोत असं मी म्हणत नाही, त्यांचाही उपयोग होतो, पण डेबिट नोट (खराब किंवा परत केलेल्या मालाचे पैसे पुरवठादाराच्या खात्यातून कापल्याचा कागद), डिलिव्हरी शेड्यूल, लाइन रिजेक्शन (उत्पादनाच्या लाइनवर नाकारलेला माल) हे शब्द पहिल्यांदा नोकरीच्या दिवशी कानावर पडणं हे त्या विद्यार्थ्यावर अन्याय करणारं आहे.

शिक्षकांनाच दोष देऊन मोकळं होता येत नाही. सीएचबीवर, तासिका तत्त्वावर, शिकवणारे कित्येक आहेत, त्यांना कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीसुद्धा आत सोडत नाही. प्लेसमेंटचे सर एचआरला फोन करतात आणि एचआर उचलत नाही. तोच फोन त्या कंपनीत बारा वर्षं काढलेल्या माजी विद्यार्थ्याने आतून केला तर पाच मिनिटांत काम होतं. आम्ही नेमके इथे कमी पडलोय. आमचे मेळावे होतात, शाल-श्रीफळ होतं, जेवण चांगलं असतं, जुने फोटो पडद्यावर दाखवतात आणि मग आम्ही घरी जातो.

कंपन्यांनाही एक ऐकवायचंय, माझ्याच बाजूच्या लोकांना. पोरं पुण्याला पळतात म्हणून ओरड करायची आणि एमबीए झालेल्याला बारा-पंधरा हजार सांगायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने कसं जमतं? मी बसलेल्या एका मीटिंगमध्ये सरळ म्हटलं गेलं की घरूनच येणार आहे ना, भाडं नाही, मेस नाही, मग जास्त कशाला द्यायचं. म्हणजे त्याच्या आईच्या स्वयंपाकावर कंपनी बचत करणार. पुण्यात पंचवीस हजार मिळाले आणि कॉट बेसिसचं भाडं, मेस, पेट्रोल, महिन्याचं येणं-जाणं वजा केलं तर हातात फार उरत नाही हे खरंच आहे, मी ते दिवस काढलेत, पण तो हिशोब मुलाने स्वतःच्या फायद्यासाठी करायचा, कंपनीने त्याचा पगार पाडण्यासाठी नाही. वीस-बावीस हजारांनी सुरुवात करा, एका वर्षात काय शिकवणार ते कागदावर द्या, टिकतील पोरं.

बाहेर जाऊच नका असं मी म्हणते आहे असं कोणी समजू नये. मीही गेले होते. 2009 साली मंदी होती, कॅम्पसला एकच कंपनी आली, विम्याची, पोस्टचं नाव छान मॅनेजर वगैरे होतं. पुण्यात गेल्यावर कळलं की काम म्हणजे पॉलिसी विकणं, आणि मी पहिल्या तीन महिन्यांचं टार्गेट मामा, आत्या आणि वडिलांच्या ऑफिसमधल्या लोकांच्या गळ्यात पॉलिसी घालून पूर्ण केलं. अकरा महिन्यांत सोडलं. मग चाकणला एका पार्टच्या कंपनीत लागले, तिथे एक वयस्कर गृहस्थ होते, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो, त्यांनी मला एका ब्रॅकेटची कॉस्ट काढायला शिकवली, पत्रा किती, भंगार किती, प्रेसचा तासाचा दर किती, प्लेटिंग, वाहतूक, सगळं. एमबीएच्या दोन वर्षांत जे डोक्यात गेलं नाही ते एका महिन्यात गेलं. 2016 ला वडिलांच्या आजारपणामुळे परत आले आणि त्या एका कौशल्यावर मला इथे काम मिळालं. बाहेर जाऊन शिकून यावं, जरूर यावं. पण येताना दार उघडं असावं आणि ज्याला जायचं नाही किंवा जाता येत नाही त्याला इथेच पहिली पायरी मिळावी.

जाता येत नाही म्हणजे कोणाला, तर मुख्यतः मुलींना. 2024-25 पासून राज्य सरकारने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, फार चांगला निर्णय आहे. मी लेक्चरला जाते त्या वर्गात आता पैठण, गंगापूर, फुलंब्री, कन्नडच्या मुली दिसतात, घरातल्या पहिल्याच पदवीच्या पुढे शिकणाऱ्या. आईवडिलांनी त्यांना एसटीच्या पासवर इथपर्यंत येऊ दिलंय, पण पुण्याला एकटी राहायला बहुतेक घरं पाठवणार नाहीत, हे मला आवडो न आवडो. मग डिग्री झाल्यावर त्यांच्यापुढे दोनच गोष्टी राहतात, इथली नोकरी नाहीतर लग्न. सहा महिने घरी बसली की स्थळं बघायला सुरुवात होते. एक मुलगी मला म्हणाली, मॅडम, आठ-दहा हजार दिले तरी चालतील, फक्त ऑफर लेटर द्या, घरी दाखवायला. ऑफर लेटर घरी दाखवायला! मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही. तिला कोणतीही योजना वाचवत नाहीये त्या वेळी, तिला वाचवतो तो आमच्यातल्या कोणीतरी केलेला एक फोन.

योजनांचं सांगते, कारण पोरं त्यावर विसंबून बसतात. 2024 ला केंद्राने पाचशे मोठ्या कंपन्यांमधल्या इंटर्नशिपची योजना आणली, महिना 5 हजार, पण ती सुरू झाली तेव्हा एमबीए झालेल्यांना त्यातून वगळलेलं होतं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीवाल्यांना महिना 10 हजार देते, आधी सहा महिने होती, मग पाच महिने वाढवली, पुढे काय ते ठरलेलं नसतं आणि त्यातून बाहेर पडलेल्यांची कायम करा म्हणून आंदोलनंही झाली. ह्या योजनेतून छोट्या कंपनीत एक चांगला उमेदवार आणता येतो, आम्ही आणलाय, पण तो टिकला तो आतल्या माणसाने त्याला काम शिकवलं म्हणून.

आणि हो, शहराबद्दलही थोडं बोललं पाहिजे. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येत असेल तर पुण्यात दहा वर्षं काढलेला माणूस बायकापोरांना घेऊन परत कसा येईल, जायकवाडी उशाला असताना. अनुभवी माणसं आली नाहीत तर नव्यांना शिकवणार कोण? हा विषय वेगळा आणि मोठा आहे, पण नोकरीशी त्याचा संबंध नाही असं कोणी म्हणू नये.

मला काय हवंय ते फार अवघड नाही. इथल्या कंपनीत असलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने जागा निघाली की ती ग्रुपवर टाकायच्या आधी किंवा निदान त्याच वेळी कॉलेजच्या प्लेसमेंटला कळवावी. मेव्हण्यालाही सांगा, पण त्या वर्गालाही सांगा, दोघांचाही इंटरव्ह्यू होऊ दे. वर्षाला दोन विद्यार्थी खऱ्या प्रोजेक्टला घ्यावेत आणि त्यांना बसायला खुर्ची आणि बघायला खरे आकडे द्यावेत. गोपनीय असेल ते झाका, बाकीचं द्या. आणि सहा महिन्यांतून एक शनिवार कॉलेजात जाऊन आपण सोमवारी ऑफिसात नेमकं काय करतो ते दाखवावं, मोटिव्हेशनचं भाषण न देता, एक खरं कोटेशन घेऊन जावं आणि फळ्यावर सोडवावं. एन्ड्युरन्स, व्हेरॉकसारख्या कंपन्यांत आणि त्यांच्या व्हेंडरांकडे मिळून आपले किती लोक आहेत याची साधी यादीसुद्धा बऱ्याच कॉलेजांकडे नसते. आधी ती करा. टोयोटाचं उत्पादन सुरू होईल तेव्हा त्यांना लागणारे पार्ट कोण पुरवणार ते आत्ताच ठरायला लागेल, त्या व्हेंडर कंपन्यांत कोण बसणार तेही त्याच वेळी ठरणार आहे.

आमच्या ग्रुपमध्ये बरीच वादावादी होऊन एवढं एक ठरलं की जागा आधी कॉलेजला. काही जण चिडले, दोघे ग्रुप सोडून गेले. गेल्या महिन्यात आमच्याकडेच डिस्पॅच आणि प्लॅनिंगला एक जागा निघाली, ती मी प्लेसमेंटच्या सरांना पाठवली, नऊ अर्ज आले, चार जणांशी मी स्वतः बोलले. डेबिट नोट म्हणजे काय ते चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. त्यातल्या बिडकीनच्या एका मुलीने मात्र मला उलट विचारलं की मॅडम, माल परत आला तर त्याचं भाडं कोण भरतं? तिला घेतलं, बावीस हजारांवर. सोमवारपासून येतेय, मी पहिल्याच दिवशी परत आलेल्या मालाची फाइल तिच्या टेबलावर ठेवणार आहे.